गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतून दिले जाणारे किरणोपचार आणि त्यांचे प्रतिमांवर आधारित नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा, म्हणजे बोलीभाषेत पिशवीच्या तोंडाचा, कर्करोग झाल्याचे निदान होते आणि त्यांपैकी अनेकींचा आजार शस्त्रक्रियेच्या टप्प्यापलीकडे गेलेला असतो. अशा रुग्णांसाठी बाहेरून किरणोपचार, त्यासोबत केमोथेरपी आणि शेवटी आतून किरणोपचार, म्हणजे ब्रॅकीथेरपी, हा उपचाराचा मुख्य मार्ग आहे. यातील ब्रॅकीथेरपीबद्दल रुग्णांना सर्वांत कमी माहिती दिली जाते आणि भीती मात्र तिचीच सर्वाधिक असते. त्या दिवशी इतके स्कॅन का काढतात, नियोजनाला तासन्‌तास का लागतात आणि त्यातून रुग्णाला नेमके काय मिळते, याची उत्तरे येथे दिली आहेत.

बाहेरून पाच आठवडे किरणोपचार झाले, रक्तस्राव थांबला, गाठही लहान झाली. मग आतून पुन्हा कशासाठी?

बाहेरून दिलेल्या किरणोपचारात साधारण ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचे एकक) एवढा डोस पाच आठवड्यांत विभागून संपूर्ण ओटीपोटाला दिला जातो. लसिकाग्रंथींमध्ये किंवा आसपासच्या ऊतींमध्ये दडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी तो पुरेसा ठरतो, परंतु प्रत्यक्ष गाठीचा कायमचा नायनाट करण्यासाठी सुमारे ८५ ग्रे किंवा त्याहून अधिक डोस लागतो. एवढा डोस बाहेरूनच द्यायचा ठरवले तर किरणांना मूत्राशय, गुदाशय आणि आतडी यांच्यातून वाट काढावी लागेल आणि हे अवयव तो सहन करू शकणार नाहीत.

ब्रॅकीथेरपीत किरणांचा स्रोत गर्भाशयाच्या पोकळीत आणि योनीच्या वरच्या भागात, म्हणजे गाठीला खेटूनच नेला जातो. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की डोस जवळपास चौथा हिस्सा उरतो, त्यामुळे गाठीला भरपूर आणि दोन-तीन सेंटिमीटरवरील अवयवांना तुलनेने कमी डोस, ही किमया केवळ जागेच्या निवडीतून साधते. अत्याधुनिक बाह्य किरणोपचार हा याला पर्याय नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये ८३ टक्के पात्र रुग्णांना मिळणारी ब्रॅकीथेरपी २००९ पर्यंत ५८ टक्क्यांवर घसरली. तेथील कर्करोग नोंदणीतील ७,३५९ रुग्णांच्या अभ्यासात ब्रॅकीथेरपी मिळालेल्या स्त्रियांपैकी चार वर्षांनी ५८ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ४६ टक्के हयात असल्याचे आढळले. नोंदींवर आधारलेल्या अशा अभ्यासात दोन्ही गटांतील रुग्ण अगदी सारखे नसतात हे मान्य करूनही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. बरे वाटू लागले म्हणून आतला उपचार सोडून गावी परतणे हा या आजारातील सर्वांत घातक निर्णय आहे, हे आम्ही प्रत्येक कुटुंबाला आवर्जून सांगतो.

पूर्वी केवळ एक्स-रे काढून हा उपचार होत असे. आता एमआरआय आणि सीटीची गरज का भासते?

मँचेस्टर येथे १९३८ मध्ये मांडलेल्या आणि १९५३ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत ‘ए’ नावाचा एक बिंदू ठरवला गेला होता. योनीच्या वरच्या टोकापासून दोन सेंटिमीटर वर आणि गर्भाशयाच्या नळीपासून दोन सेंटिमीटर बाजूला, असे त्याचे स्थान होते, आणि गाठ लहान असो वा मोठी, ठरावीक डोस त्या बिंदूला दिला जात असे. १९८५ मध्ये आयसीआरयू या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ३८व्या अहवालाने मूत्राशय आणि गुदाशयासाठीही असेच एकेक बिंदू सुचवले. मूत्राशयाचा बिंदू शोधण्यासाठी लघवीच्या नळीच्या फुग्यात सात मिलिलिटर द्रव भरला जाई, आणि तो द्रव एक्स-रेवर दिसावा म्हणून त्यात रंगद्रव्य मिसळलेले असे.

या पद्धतीने जगभर असंख्य स्त्रिया बऱ्या झाल्या, ही गोष्ट विसरता येणार नाही. अडचण एवढीच होती की एक्स-रेमध्ये हाडे आणि आत घातलेली नळी दिसते, गाठ दिसत नाही. गाठ एका बाजूला तीन सेंटिमीटर पसरलेली असेल तर तिची बाहेरची कड ‘ए’ बिंदूच्या पलीकडे अपुऱ्या डोसमध्ये राहत असे, आणि गाठ जवळपास विरघळलेली असेल तर आतड्याला विनाकारण जास्त डोस मिळत असे. शिवाय मूत्राशयाला सर्वाधिक डोस अनेकदा त्या ठरवलेल्या बिंदूच्या वर, दुसऱ्याच ठिकाणी मिळतो, हे त्रिमितीय प्रतिमा उपलब्ध झाल्यावर स्पष्ट झाले.

मग आता डॉक्टर बिंदूऐवजी काय मोजतात?

युरोपातील जीईसी-एस्ट्रो या गटाने २००५ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनी हा बदल घडवला, आणि पुढे आयसीआरयूच्या ८९व्या अहवालाने त्याला जागतिक परिभाषेचे रूप दिले. त्यानुसार ब्रॅकीथेरपीच्या वेळी उरलेली गाठ, संपूर्ण गर्भाशयमुख आणि सुरुवातीला जेथे आजार होता व आता एमआरआयवर जेथे करड्या छटा दिसतात तो भाग, हे सर्व मिळून ‘अतिजोखमीचे लक्ष्य’ मानले जाते. त्याभोवती, सुरुवातीच्या पसाऱ्याचा विचार करून, मध्यम जोखमीचे दुसरे क्षेत्र आखले जाते. अतिजोखमीच्या लक्ष्याच्या किमान ९० टक्के घनफळाला किती डोस पोहोचला हा आकडा गाठीसाठी पाहतात. मूत्राशय, गुदाशय आणि सिग्मॉइड आतडे यांच्या बाबतीत सर्वाधिक डोस मिळालेल्या दोन घन सेंटिमीटर भागाचा डोस पाहतात. गाठीसाठी ८५ ग्रेच्या वर, शक्य असल्यास ९० ग्रेपर्यंत जाण्याचा प्रयत्न असतो. मूत्राशयाचा आकडा ९० ग्रेच्या, तर गुदाशय आणि सिग्मॉइडचा ७५ ग्रेच्या आत ठेवला जातो, आणि प्रत्यक्षात त्याहूनही बराच खाली ठेवण्याची धडपड असते.

एमआरआय, सीटी स्कॅन आणि सोनोग्राफी यांपैकी कोणती तपासणी खरी उपयोगाची?

तिन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

गाठ स्वतः कोठे संपते हे पाहण्यासाठी एमआरआयला तोड नाही. टी-२ प्रकारच्या एमआरआय चित्रात गर्भाशयमुखाची निरोगी भिंत गडद काळपट दिसते आणि गाठ तिच्यापेक्षा उजळ करडी दिसते. ती काळी किनार कोठे तुटली आहे हे पाहून आजार बाजूच्या ऊतींमध्ये, म्हणजे पॅरामेट्रियममध्ये, शिरला आहे का हे ठरवता येते. गाठीचा योनीकडील आणि गर्भाशयाच्या पोकळीतील पसाराही यात कळतो. मात्र त्यासाठी आत घातलेला ॲप्लिकेटर, म्हणजे स्रोत जिच्यातून फिरतो ती नळी व तिचे जोडभाग, एमआरआयला चालणाऱ्या पदार्थाचा, म्हणजे टायटॅनियमचा, कार्बन फायबरचा किंवा विशिष्ट प्लास्टिकचा असावा लागतो. नेहमीचा पोलादी ॲप्लिकेटर घालून एमआरआय करता येत नाही. टायटॅनियममुळेही टोकाशी चित्र थोडे विस्कटते, आणि तेथे नळी नेमकी कोठे संपते हे ठरवताना फिजिसिस्टला, म्हणजे डोसचे गणित मांडणाऱ्या भौतिकतज्ज्ञाला, विशेष काळजी घ्यावी लागते.

सीटी स्कॅनमध्ये ॲप्लिकेटर, मूत्राशय, गुदाशय आणि आतड्यांच्या कडा स्वच्छ दिसतात व त्यांच्या डोसचे गणित विश्वासाने करता येते. गाठ आणि निरोगी गर्भाशयमुख मात्र सीटीत जवळपास एकाच छटेचे दिसतात, त्यामुळे केवळ सीटीवरून आखलेले लक्ष्य बहुधा प्रत्यक्षापेक्षा रुंद निघते.

सोनोग्राफीचे महत्त्व फारसे कोणी सांगत नाही, आणि ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. गाठीमुळे गर्भाशयमुखाची वाट कित्येकदा वाकडी झालेली किंवा बुजलेली असते. अंदाजाने नळी सरकवली तर ती गर्भाशयाच्या भिंतीला छेद देऊन बाहेर पडण्याचा धोका असतो. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, मूत्राशयात सलाईन भरून, नळी पुढे सरकताना त्याच क्षणी पडद्यावर पाहता येते आणि हा धोका पुष्कळ कमी होतो. गुदाशयातून केलेल्या सोनोग्राफीत गाठीची रुंदीही चांगली मोजता येते. मेलबर्न येथील पीटर मॅक्कॅलम कर्करोग केंद्राने तर पोटावरील सोनोग्राफीवर आधारित नियोजनाची पद्धतच रूढ केली आहे.

निदानाच्या वेळी एमआरआय काढला होता. तो दाखवला तर पुन्हा स्कॅन टाळता येईल का?

टाळता येणार नाही, पण तो एमआरआय सोबत आणणे अत्यंत आवश्यक आहे. पाच आठवड्यांत गाठीचा आकार पार बदललेला असतो आणि नळी आत गेल्यावर गर्भाशयाची दिशाही बदलते, त्यामुळे जुन्या चित्रावर आजचा डोस आखता येत नाही. दुसरीकडे, आजार सुरुवातीला कोठपर्यंत होता हे त्या पहिल्या चित्राखेरीज कळणार नाही, आणि लक्ष्य आखताना तीच माहिती लागते. केवळ लेखी अहवाल पुरेसा नाही, सीडी किंवा फिल्मही हवी.

याच कारणासाठी निदानाच्या वेळी आणि ब्रॅकीथेरपीच्या वेळी डॉक्टर आतून तपासणी करून कागदावर गाठीचे रेखाचित्र काढतात. गाठ उजवीकडे किती, डावीकडे किती, योनीत किती सेंटिमीटर उतरली आहे, हे त्या साध्या चित्रात लिहिलेले असते. कोणत्याही यंत्रापेक्षा या कागदाची किंमत कमी नाही.

आमच्या जिल्ह्यातील रुग्णालयात फक्त सीटी आहे. एमआरआयसाठी रुग्णाला मुंबई-पुण्याला हलवावे का?

बहुतेक वेळा नाही. ज्या केंद्रांत दर वेळी एमआरआय शक्य नाही त्यांच्यासाठी भारतीय ब्रॅकीथेरपी संस्था, युरोपीय गट आणि अमेरिकी ब्रॅकीथेरपी संस्था यांनी २०२१ मध्ये सीटीवर लक्ष्य कसे आखावे याच्या संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या आहेत. निदानाच्या वेळचा एमआरआय, तपासणीचे रेखाचित्र, शक्य असल्यास सोनोग्राफी आणि ॲप्लिकेटरसह काढलेला सीटी, हे सर्व एकत्र वाचून चांगले नियोजन करता येते. काही केंद्रे पहिल्या वेळी एमआरआय आणि पुढच्या वेळी सीटी असा मध्यममार्ग काढतात.

येथे वेळेचे भान ठेवणे अधिक मोलाचे आहे. बाहेरचे आणि आतले मिळून सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावेत असा नियम आहे, कारण त्यापुढे लांबलेल्या उपचारात उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि आजार परतण्याची शक्यता वाढते. एमआरआयच्या तारखेसाठी तीन आठवडे थांबण्यापेक्षा वेळेत झालेले सीटीवरचे काटेकोर नियोजन रुग्णाच्या हिताचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाठ फार मोठी असेल आणि किरणांचा स्रोत नेण्यासाठी गाठीत पोकळ सुया घालण्याची सोय तेथे नसेल, तर मात्र मोठ्या केंद्राकडे पाठवणे योग्य ठरते, आणि हा निर्णय बाह्य किरणोपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच व्हायला हवा.

त्या दिवशी प्रत्यक्ष काय काय होते?

आदल्या रात्री किंवा सकाळी एनिमा दिला जातो आणि रुग्णाला उपाशीपोटी बोलावले जाते. बहुधा मणक्यातून, कधी पूर्ण भूल देऊन लघवीची नळी घातली जाते, आतून तपासणी होते आणि मग गर्भाशयाच्या पोकळीत एक बारीक नळी व योनीत गर्भाशयमुखाला टेकून दोन छोटे गोळे किंवा एक कडी बसवली जाते. यांना टँडेम, ओव्हॉइड आणि रिंग म्हणतात. त्यानंतर ओल्या गॉजच्या लांब पट्ट्या पुढे व मागे नीट ठासून भरल्या जातात. वरवर साध्या वाटणाऱ्या या कृतीमुळे मूत्राशय आणि गुदाशय स्रोतापासून दूर ढकलले जातात. येथे मिळालेला अर्धा सेंटिमीटर नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी मिळत नाही.

यानंतर रुग्णाला स्ट्रेचरवरून स्कॅनला नेतात. मूत्राशयात ठरावीक प्रमाणात द्रव भरला जातो, आणि उपचाराच्या वेळीही तेवढाच भरला जातो. स्कॅनमध्ये नळीने गर्भाशयाची भिंत छेदल्याचे दिसले, तर त्या स्थितीत उपचार न देता नळी काढून नव्याने बसवली जाते. अशी जखम योग्य औषधोपचाराने सहसा भरून येते, पण ती वेळीच लक्षात यावी लागते, आणि निव्वळ एक्स-रेवर ती निसटू शकते.

स्कॅन झाल्यावर दोन-तीन तास कशात जातात?

डॉक्टर प्रत्येक छेदचित्रावर लक्ष्य आणि अवयव यांच्या कडा हाताने आखतात. फिजिसिस्ट ॲप्लिकेटरचा मार्ग संगणकात उभा करतात. इरिडियम-१९२ किंवा कोबाल्ट-६० या धातूचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असलेला स्रोत तारेच्या टोकाशी असतो. त्याने नळीत काही मिलिमीटरच्या अंतराने कोठे थांबायचे आणि तेथे किती सेकंद राहायचे, हे नियोजनात ठरते. मूत्राशय अगदी जवळ असेल तेथील सेकंद कमी करायचे, गाठ उजवीकडे जास्त असेल तर तेथील वाढवायचे, असे प्रत्येक बदलानंतर डोसचे आकडे पुन्हा तपासत पुढे जावे लागते.

हे आकडे सरळ बेरजेचे नसतात. समजा बाहेरून २५ वेळा मिळून ४५ ग्रे दिले आणि आतून ७ ग्रे चार वेळा द्यायचे आहेत. एकेका वेळचा मोठा डोस जैविकदृष्ट्या जास्त परिणाम करतो, म्हणून आतले २८ ग्रे गाठीच्या दृष्टीने नेहमीच्या पद्धतीच्या सुमारे ४० ग्रेइतके भरतात आणि एकूण हिशेब ८४ ग्रेच्या आसपास जातो. परंतु तेच ७ ग्रे चार वेळा मूत्राशयाच्या भिंतीला मिळाले तर निरोगी ऊतींच्या स्वभावानुसार ते तब्बल ५६ ग्रेइतके ठरतात, आणि बाहेरचा वाटा मिळवता आकडा ९९ ग्रेवर, म्हणजे मर्यादेच्या बराच पुढे जातो. मूत्राशयाचा वाटा दर वेळी साडेपाच ग्रेवर आणला, तर तोच एकूण आकडा सुमारे ८१ होतो. दीड ग्रेचा हा फरक मिळवण्यासाठीच ते तास खर्ची पडतात. शेवटी दुसरा फिजिसिस्ट संपूर्ण योजना स्वतंत्रपणे तपासतो.

प्रत्यक्ष उपचार मात्र साधारण पाच ते पंधरा मिनिटांचा असतो. इरिडियमची शक्ती सुमारे ७४ दिवसांत निम्मी होत असल्याने स्रोत जुना होत जातो तसा हा वेळ वाढतो, पण डोस तोच राहतो.

काही रुग्णांना सुया का घालतात?

गाठ बाजूला फार पसरलेली असेल किंवा योनीत खाली उतरली असेल, तर मधल्या नळीतून तिच्या कडेपर्यंत पुरेसा डोस नेताना मूत्राशय आणि गुदाशय भाजून निघण्याचा धोका असतो. अशा वेळी कडीतून किंवा ओव्हॉइडमधून, अथवा त्वचेवर बसवलेल्या साच्यातून, पोकळ सुया थेट गाठीत घातल्या जातात आणि स्रोत त्यांतूनही फिरतो. सुया किती, कोठे आणि किती खोल हव्यात हे आधीच्या एमआरआयवरून ठरते. हे काम डोळे मिटून करण्यासारखे मुळीच नाही.

प्रत्येक वेळी नवा स्कॅन लागतो का?

ॲप्लिकेटर नव्याने बसवला असेल तर लागतोच, कारण नळीचा कोन आणि आतड्यांची जागा दर वेळी वेगळी असते. एकदा बसवून त्याच मुक्कामात दोन वेळा उपचार दिले जात असतील, तर दुसऱ्या वेळेपूर्वी निदान ॲप्लिकेटर आणि अवयव जागेवर आहेत ना हे स्कॅनने पाहावे. वायूने फुगलेला गुदाशयही काही तासांत गणित बिघडवू शकतो.

उपचारानंतर अंगात किरणे राहतात का? घरात लहान मुले आहेत.

राहत नाहीत. स्रोत यंत्रात परत गेला की शरीरात काहीही उरत नाही. मुलांना जवळ घेण्यास, एकत्र जेवण्यास किंवा त्याच बिछान्यावर झोपण्यास कोणतीही हरकत नाही. पेसमेकर, शरीरातील धातूची पट्टी किंवा क्लिप असल्यास मात्र एमआरआयपूर्वी सांगणे बंधनकारक आहे.

एवढ्या खटाटोपाने खरोखर फरक पडतो याला पुरावा काय?

फ्रान्समधील अनेक केंद्रांनी मिळून केलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. शस्त्रक्रियेविना उपचार झालेल्या गटात एक्स-रेवर आधारित नियोजन झालेल्यांपैकी २२.७ टक्के स्त्रियांना दोन वर्षांत तीव्र दुष्परिणाम झाले, तर त्रिमितीय नियोजनात हे प्रमाण २.६ टक्के होते. आजारावरील नियंत्रणही किंचित सुधारले.

त्यानंतर व्हिएन्नाच्या पुढाकाराने झालेल्या एम्ब्रेस या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही सहभागी होते. २००८ ते २०१५ या काळात नोंदवलेल्या १,३४१ स्त्रियांचे एमआरआयवर आधारित नियोजनानंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर ९२ टक्के स्त्रियांमध्ये ओटीपोटातील मूळ जागेवरचा आजार आटोक्यात होता आणि ७४ टक्के हयात होत्या. या दोन आकड्यांतील दरी दूरच्या अवयवांत पसरणारा आजार व इतर कारणे यांमुळे आहे, आणि ती प्रतिमांच्या नियोजनाने भरून निघणारी नाही. पण मूळ गाठ परतून वेदना, रक्तस्राव आणि मूत्रपिंडे बंद पडणे या ज्या हालअपेष्टा पूर्वी अनेकींच्या वाट्याला येत, त्या टळू शकतात हे या आकड्याने दाखवून दिले आहे.

खर्चाचे काय?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे. ज्या रुग्णालयात उपचार घेणार तेथील आरोग्यमित्राकडे ब्रॅकीथेरपीची मंजुरी आणि स्कॅनचा खर्च याबद्दल बाह्य उपचार सुरू असतानाच विचारावे, म्हणजे शेवटच्या आठवड्यात कागदपत्रांमुळे खोळंबा होणार नाही.

उपचार संपल्यावर पुढचा स्कॅन कधी?

साधारण तीन महिन्यांनी आतून तपासणी करून एमआरआय किंवा पेट-सीटी केला जातो. त्याआधी केलेल्या स्कॅनमध्ये किरणांमुळे आलेली सूज आणि उरलेली गाठ यांची गल्लत होण्याची शक्यता असते, त्यामुळे घाईने बाहेर स्कॅन करून घाबरून जाऊ नये. दरम्यान योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर, म्हणजे योनीत काही वेळ ठेवायची गुळगुळीत नळी, वापरण्याचा सल्ला दिला जातो. संकोचापायी हा विषय टाळला जातो, पण पुढील तपासण्या नीट होण्यासाठी आणि पतिपत्नीच्या संबंधांसाठीही तो महत्त्वाचा आहे, म्हणून परिचारिकेला किंवा डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. लघवीतून किंवा शौचातून रक्त जाऊ लागले, तर ते उपचारानंतर एक-दोन वर्षांनीही ब्रॅकीथेरपीशी संबंधित असू शकते. अशा वेळी गुदाशयाचा तुकडा तपासणीसाठी काढण्यापूर्वी किरणोपचार केलेल्या डॉक्टरांना कळवावे, कारण किरणे लागलेल्या भिंतीला झालेली जखम सहजासहजी भरत नाही आणि तेथे भगंदरासारखे छिद्र पडू शकते. डोसच्या नोंदी त्यांच्याकडे जपून ठेवलेल्या असतात, आणि गुदाशयाच्या त्या भागाला किती डोस मिळाला होता हे त्यांवरून लगेच पाहता येते.